सिव्हिलच्या वॉर्डात विद्यापीठ

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला नुसतं ‘सिव्हिल’ म्हटलं तरी पुरतं. त्र्यंबक रस्त्यावरच्या या जिल्हा रुग्णालयात पेठ, सुरगाणा, इगतपुरीची माणसं येतात, तसे पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारकडचे रुग्णही घाट चढून इथेच येतात. गेल्या काही वर्षांत इथला सकाळचा राउंड बदलला आहे. कॉटभोवती उभी राहणारी माणसं वाढली आहेत. रात्री दाखल झालेल्या मुलाची हिस्टरी ज्युनिअर रेसिडेंट सांगत असतो आणि सर मध्येच थांबवून विचारतात, “आधी ताप आला की आधी पुरळ?” केसपेपरवर तेवढंच लिहायचं राहिलेलं असतं. मग उशाशी बसलेल्या आईला पुन्हा विचारलं जातं. ती आठवून आठवून सांगते आणि तिच्या सांगण्यावरून एखादी तपासणी वाढते, एखादं औषध थांबतं.

ही वाढलेली माणसं नाशिकच्याच म्हसरूळ भागातल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली स्थापन झालं. त्याआधी वैद्यकीय महाविद्यालयं मुंबई, पुणे, नागपूर अशा त्या त्या भागातल्या विद्यापीठांकडे विखुरलेली होती. ती सगळी एका छत्राखाली आली आणि नाशिक हे राज्यातल्या डॉक्टर, दंतवैद्य, वैद्य, होमिओपॅथ, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट अशा सगळ्यांच्या पदवीचं गाव झालं. आज चारशेहून अधिक महाविद्यालयं या विद्यापीठाशी संलग्न आहेत. पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयही त्यात आहे. पण विद्यापीठाचं रोजचं काम परीक्षेचं: उन्हाळी सत्र, हिवाळी सत्र, प्रश्नपत्रिका, मूल्यांकन, निकाल. रुग्ण होते ते संलग्न महाविद्यालयांचे. विद्यापीठाला स्वतःचा वॉर्ड नव्हता, आणि ज्या जिल्ह्यात त्याचं मुख्यालय, त्या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही नव्हतं. शेजारच्या धुळ्याला होतं, नंतर जळगावलाही झालं. नाशिकला मात्र शिक्षण घ्यायचं तर आडगावचं मविप्र संस्थेचं महाविद्यालय किंवा इगतपुरी तालुक्यातलं एसएमबीटी, दोन्ही खासगी.

ही उणीव भरून काढायला महाराष्ट्र पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था उभी राहिली. ती थेट विद्यापीठाची आहे. तिला स्वतःच्या खाटा नव्हत्या, म्हणून ती सिव्हिलला आणि शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयाला जोडली गेली. लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डॉ. माधुरी कानिटकर 2021 मध्ये कुलगुरू झाल्या, त्या स्वतः मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ. रुग्णाजवळ शिकलेल्या माणसाला अशा संस्थेची निकड वेगळी सांगावी लागत नाही.

खाटेपाशी डॉक्टरांच्या या वाढीचा अर्थ काय, ते पावसाळ्यात दिसतं. साप चावलेला रुग्ण आला की स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरसं. नळी साबणाने धुतलेली असेल तर निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून नळी कुठून आली हेही बघावं लागतं. मण्यारीचं प्रकरण याहून अवघड. तिचे दात उमटलेले दिसत नाहीत, सूजही नसते, रक्त व्यवस्थित गोठतं. पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेला माणूस बघता बघता पापण्या उचलू शकत नाही. अशा वेळी “रात्री जमिनीवर झोपला होतात का?” हा प्रश्न विचारणारं कुणी तिथे जागं असणं महत्त्वाचं. एकाच मेडिकल ऑफिसरवर सगळ्या कॅज्युअल्टीचा भार असतो तेव्हा या वीस मिनिटांवर लक्ष ठेवणं फार जड जातं. रेसिडेंट असले की कुणीतरी नळीपाशी थांबू शकतं, कुणीतरी रुग्णाचा श्वास बघत राहतं.

इथे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची आठवण होणं साहजिक आहे. त्या भागात विंचूदंशाचे रुग्ण बघता बघता त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि ‘लॅन्सेट’ने तो छापला. सुरगाण्या-पेठेचे रुग्ण ज्या वॉर्डात येतात, तिथे बसून प्रबंध लिहिणाऱ्या मुलांनी विषय याच वॉर्डातून उचलावेत, असं मनापासून वाटतं.

अडचणी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. सिव्हिल आरोग्य खात्याचं, त्याचे प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. शिकवणारे वैद्यकीय शिक्षणाच्या बाजूचे, त्यांचे प्रमुख अधिष्ठाता. वॉर्ड एक आणि वरिष्ठ दोन. औषधाची मागणी कुणाच्या सहीने जायची, मृत्यूचा आढावा कुणी घ्यायचा, मेडिकोलीगल केस कुणाच्या नावावर, हे प्रश्न राज्यात जिथे जिथे जिल्हा रुग्णालयाला महाविद्यालय जोडलं तिथे आले. त्यात शिक्षकांची चणचण. खोल्या बांधून होतात, पण भूलशास्त्राचा अनुभवी प्राध्यापक बांधून मिळत नाही.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यात दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एकाच वेळी उद्घाटन झालं, मिळून 900 जागा. त्यात नाशिक होतं. म्हणजे पदव्युत्तरांपाठोपाठ एमबीबीएसची मुलंही आली. म्हसरूळला मंजूर झालेला आराखडा 100 विद्यार्थी आणि 430 खाटांच्या रुग्णालयाचा आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षाची इंटर्नशिप धरली तर पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडायला 2030 उजाडेल. त्याआधी 2027 मध्ये नाशिकला सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नानं आहेत, आणि त्या गर्दीचा भार आहेत त्याच डॉक्टरांवर येणार. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली, हे शहर विसरलेलं नाही.

म्हसरूळच्या जागेबद्दल एक गोष्ट नकाशा बघितला की लगेच ध्यानात येते. विद्यापीठ दिंडोरी रस्त्यावर आहे. सुरगाण्याहून वणी-दिंडोरीमार्गे येणारी रुग्णवाहिका आज शहराची सगळी गर्दी पार करून सिव्हिलला पोचते. म्हसरूळला रुग्णालय झालं तर ती शहरात शिरण्याआधीच थांबेल. मोखाड्याहून येणाऱ्यांना मात्र त्र्यंबक रस्त्यावरचं सिव्हिलच जवळचं. म्हणून नवं रुग्णालय उभं राहिल्यावर रेसिडेंट तिकडे ओढून सिव्हिलचे वॉर्ड पुन्हा रिकामे करू नयेत. दोन्ही रस्त्यांच्या टोकाला रात्रपाळीचा डॉक्टर हवा.