औषध निवडतं कोण, पैसे देतं कोण? गावातल्या मेडिकलच्या धंद्याचं गणित

(या भागाचं लिखित रूप. बोलताना घाईत सांगितलेले आकडे इथे नीट मांडले आहेत.)

आज बोलायचंय मेडिकल स्टोअरबद्दल. हॉस्पिटल नाही, औषध कंपनी नाही. गावातलं साधं मेडिकल. आरोग्यक्षेत्राचा सगळ्यात शेवटचा टप्पा, जिथे पेशंट खिशात हात घालतो.

विषय निघाला तो घरातूनच. आमचं कामरगाव वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात येतं. कापूस, सोयाबीन, तूर यांवर चालणारा भाग. माझा मामेभाऊ डी.फार्म झालाय आणि त्याच्या डोक्यात दुकान आहे. "दादा, गावात मेडिकल टाकाव म्हणतो, तुले काय वाट्टे?" मी कोड लिहिणारा माणूस, पण कर्ज काढायच्या आधी धंद्याचं वातावरण तपासायला हवं, एवढं मलाही कळतं. म्हणून कायदे, किमतींचे आदेश, योजना असं सगळं वाचून काढलं. त्याचं सार म्हणजे हा भाग.

मॅनेजमेंटच्या पुस्तकात यासाठी सहा रकाने असतात: राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, कायदेशीर आणि पर्यावरण. रकाने भरणं सोपं असतं. अडचण अशी की सहाही भरले तरी दुकान चालेल की नाही ते कळत नाही. म्हणून मी प्रत्येक रकान्याला तीनच प्रश्न विचारले. औषध निवडतं कोण? पैसे देतं कोण? आणि दुकानदाराला मिळकत कशावर मिळते?

निवडणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा

किराणा दुकानात तुम्ही म्हणता, "हा साबण नको, तो द्या." मेडिकलमध्ये तसं होत नाही. निवड डॉक्टर करतात, पैसे पेशंट देतो. दुकानदार मध्ये उभा असतो आणि कायद्याने त्याचे हात बांधलेले असतात. औषध नियमावली १९४५ मधल्या नियम ६५ नुसार शेड्यूल एच आणि एक्समधलं औषध चिठ्ठीवर असेल, तर त्याऐवजी दुसरं काही देता येत नाही, आतला घटक तोच असला तरीही. म्हणजे डॉक्टरांनी एका ब्रँडचं नाव लिहिलं, आणि तेच औषध दुसऱ्या कंपनीचं पाव किमतीत शेल्फवर पडलेलं असलं, तरी केमिस्टने आपल्या मनाने ते द्यायचं नाही.

मग डॉक्टरांनीच ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहावं, हा उपाय झाला. तसा प्रयत्न झालाही. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने आपल्या नियमांत बदल करून जेनेरिक नावं लिहायला सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने त्याहून कडक नियम आणले. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, "औषधाच्या दर्जाची हमी कोण देणार?" असा प्रश्न विचारला, आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. दर्जाचा प्रश्न खोटा नाही. पण परिणाम असा की निवडीची किल्ली होती तिथेच राहिली.

याचा दुकानाला थेट फटका बसतो. परिसरातले चार डॉक्टर ॲसिडिटीसाठी चार ब्रँड लिहीत असतील तर एकाच गोळीचे चार डबे ठेवावे लागतात. एक डॉक्टर गाव सोडून गेले की त्यांचा ब्रँड शेल्फवर एक्सपायरीची वाट बघत बसतो. स्टॉकमध्ये पैसा अडकतो तो असा.

किंमत कोण ठरवतं?

सरकार ठरवतं, पण सगळ्यांची नाही. अत्यावश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी आहे. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार यादीतल्या औषधांची कमाल किंमत अशी निघते: बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या, दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के धरायचे.

ही कमाल किंमत दर एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे हलते. २०२३ मध्ये वाढीची मुभा १२.१२ टक्के होती, आणि २०२४ मध्ये किती? ०.००५५१ टक्के! यादीबाहेरच्या औषधांची एमआरपी मात्र कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

यादीबाहेरच्या औषधांवर बाजारातला रिवाज ढोबळमानाने असा: दुकानदाराला २० टक्के, स्टॉकिस्टला १०. आता हे १६ आणि २० शेजारी ठेवून बघा. टक्केवारी किमतीवर मिळते. औषध जितकं महाग, तितके हातात पडणारे रुपये जास्त. कंपनी, स्टॉकिस्ट, दुकानदार, सगळ्यांचं गणित महाग औषधाच्या बाजूने झुकलेलं. यात कोणी वाईट माणूस असायची गरजच नाही. रचनाच तशी आहे.

आणखी एक प्रकार आहे, ज्याला बाजारात नुसतं "जेनेरिक" म्हणतात. कंपनी डॉक्टरांकडे एमआर पाठवत नाही, माल सरळ दुकानदाराला स्वस्तात देते, पण पाकिटावर एमआरपी मोठी छापलेली असते. दुकानदाराने ५० टक्के सूट दिली तरी त्याला बराच नफा राहतो. म्हणून "आमच्याकडे इतकी सूट" ही पाटी वाचून औषध स्वस्त मिळालं असं समजू नका. सूट कशावर दिलीय ते बघा.

जनऔषधीचं गणित मांडून बघू

२००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेची केंद्रं २०२५ च्या सुरुवातीला देशभरात १५,००० वर गेली. केंद्रचालकाला एमआरपीवर २० टक्के मिळतात. वर मासिक खरेदीच्या २० टक्के, जास्तीत जास्त २०,००० रुपये, प्रोत्साहन रक्कम आहे. त्याला माल ठेवण्याच्या काही अटी आहेत. शिवाय नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत केंद्र उघडलं तर फर्निचर, कॉम्प्युटर वगैरेसाठी एकदाच दोन लाखांपर्यंत मदत. महाराष्ट्रातले असे चार जिल्हे म्हणजे गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि आपला वाशीम. अटी बदलत असतात, अर्जाच्या वेळी ताज्या बघा.

मामेभावाचे डोळे तिथेच चमकले. मी म्हटलं, थांब, आधी आकडे मांडू. खालचे आकडे मी धरलेले आहेत, हिशेब समजावा म्हणून. जीएसटी बाजूला ठेवलाय.

समजा दुकानाचं भाडं, वीज, पगार, हप्ता मिळून महिन्याचा खर्च २४,००० रुपये. साध्या मेडिकलमध्ये सरासरी बिल २४० रुपये आणि त्यावर २० टक्के. खर्च भरून निघायला महिन्याला १,२०,००० ची विक्री लागेल. म्हणजे ५०० गिऱ्हाइकं, दिवसाला सतराच्या आसपास.

आता तीच औषधं जनऔषधीत पाव किमतीला मिळतात असं धरू. बिल झालं ६० रुपये. नुसत्या २० टक्क्यांवर बसायचं तर २,००० गिऱ्हाइकं लागतात. प्रोत्साहन रक्कम धरली तर १०० रुपयांच्या विक्रीवर २० अधिक १६ असे ३६ रुपये सुटतात, कारण त्या १०० साठी खरेदी ८० ची असते आणि तिचे २० टक्के म्हणजे १६. तरीही खर्च निघायला साधारण ६६,७०० रुपयांची विक्री, म्हणजे सुमारे १,१०० गिऱ्हाइकं लागतात. दिवसाला ३७.

सतरा आणि सदतीस, सगळा प्रश्न या दोन आकड्यांच्या मधला आहे. पेशंटचे १८० रुपये वाचतात ही फार मोठी गोष्ट आहे. शुगर-बीपीच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि शेतमजुराच्या घरात ते महिन्याचे १८० रुपये म्हणजे किराण्याचा भाग असतो. पण ते वाचवून देणाऱ्या दुकानदाराला दुपटीहून जास्त माणसं लागतात. आणि ती येणार कधी? चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असेल तेव्हा. फिरून पहिल्या प्रश्नापाशी आलो की नाही?

बाकीचे खेळाडू

ऑनलाइन: ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सने नेटमेड्समध्ये मोठा हिस्सा घेतला, २०२१ मध्ये टाटांनी वनएमजीत. नियमांचं बघाल तर ई-फार्मसीचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये आला आणि वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. केमिस्ट संघटनेने त्याविरोधात सप्टेंबर २०१८ मध्ये देशभर बंद पाळला. नुसता पैसा ओतून हा धंदा जिंकता येत नाही हेही दिसलं. फार्मईझीला २०२३ मध्ये पैसे उभे करताना आपलं मूल्य ९० टक्क्यांच्या आसपास खाली आणावं लागलं. रात्री ताप चढलेल्या लेकराला उद्या येणारं पार्सल कामाचं नाही, तिथे गावचं दुकानच लागतं. पण महिन्याच्या ठरलेल्या गोळ्या फोनवरून मागवता येतात, आणि दुकानाचं खात्रीचं गिऱ्हाईक नेमकं तेच असतं.

सरकारी दवाखाना: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार आणि औषधं मोफत आहेत. तिथे साठा भरलेला असेल तर दुकानाची विक्री कमी, साठा संपला की "बाहेरून आणा". म्हणजे खासगी दुकानाचा धंदा काही अंशी सरकारी खरेदीच्या वेळापत्रकावर चालतो.

सोसायटी: २०२३ मध्ये केंद्राने २,००० प्राथमिक सहकारी संस्थांना जनऔषधी केंद्र चालवायची वाट मोकळी केली. ज्या सोसायटीतून पीककर्ज घेतो, तीच उद्या स्पर्धेत उतरू शकते.

आणि कर: २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पेशंटसाठी चांगलंच. पण दुकानात आधी भरलेला मालही नव्या दराने विकावा लागला.

परवाना म्हणजे नुसतं भिंतीवरचं कागद नाही

किरकोळ विक्रीसाठी फॉर्म २० आणि २१ चे परवाने, किमान १० चौरस मीटर जागा, आणि औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर. फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ हेच सांगतं. तरी प्रमाणपत्र भाड्याने द्यायचं आणि दुकान दुसऱ्यानेच चालवायचं, हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर जोरात कारवाई झाली आणि राज्यभरात केमिस्ट संघटना बंदच्या पवित्र्यात आल्या. माझं मत सरळ आहे: स्वतः फार्मासिस्ट असलेला माणूस काउंटरवर उभा राहणार असेल तर त्याचा पगार वाचतो, आणि चिठ्ठी वाचून "या दोन गोळ्या सोबत घेऊ नका, डॉक्टरांना विचारा" असं सांगणारं गावात कोणीतरी असतं.

पुस्तकात नसलेले दोन रकाने

पहिला रकाना उधारीचा. स्टॉकिस्ट ठरलेल्या दिवसांत पैसे मागतो, गिऱ्हाईक सोयाबीन किंवा कापूस विकल्यावर देतं. मधले महिने दुकानदाराने आपल्या खिशातून काढायचे. ओळखीच्या माणसाला औषधासाठी नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. पण ती रक्कम भांडवलात आधीच धरायला हवी.

दुसरा उन्हाचा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. बऱ्याच औषधांच्या पाकिटावर ३० अंशांखाली, काहींवर २५ अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं. पत्र्याचा गाळा स्वस्त पडतो, पण त्यात फ्रिज आणि इन्व्हर्टर धरा, मग भाडं मोजा.

मग दुकान टाकायचं का?

हो किंवा नाही असं इथून सांगता येणार नाही, पण कसं ठरवायचं ते सांगतो. कर्जाच्या अर्जाआधी एक महिना वही घेऊन बसायचं. परिसरात किती डॉक्टर आहेत, ते ब्रँड लिहितात की मूळ नाव, आणि त्यांतले कोणी जेनेरिक लिहायला तयार आहेत का? शुगर-बीपीची कायमची औषधं घेणारी घरं किती, आणि ती सध्या औषध कुठून आणतात? सरकारी दवाखान्यात कोणतं औषध सारखं संपतं? उधारी किती महिने थकते? या उत्तरांतून रोजची १७ माणसं निघतात की ३७, ते दिसेल. त्यावरून साधं मेडिकल की जनऔषधी, की आणखी थोडं थांबायचं, हे ठरेल.

आणि तुम्ही दुकानदार नसाल, नुसते पेशंट असाल, तर एक काम आजच करता येईल. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसलात की म्हणा, "डॉक्टरसाहेब, औषधाचं मूळ नावही लिहून द्या." या सगळ्या साखळीत निवडायचा हक्क तुमच्या हातात आणणारं एवढं एकच वाक्य आहे, आणि ते दुकानात जाऊन नाही, दवाखान्यातच बोलावं लागतं.

तुमच्या गावातल्या मेडिकलचं गणित वेगळं असेल तर आकड्यांसकट कळवा. भेटू पुढच्या भागात.