‘व्हायरल’ आहे, होईल बरं?

आपल्याला दोन दिवसांत सोडून जाणारा ताप-खोकला घरातल्या कमजोर हृदयाला मात्र चांगलाच महागात पडू शकतो.

जुलै लागला की आमच्या ऑफिसात एकच डायलॉग ऐकू येतो, ‘व्हायरल आहे यार, सगळ्यांनाच झालंय!’ गंगापूर रोडचा फ्लॅटवाला असो की अंबडहून शिफ्ट संपवून येणारा, प्रत्येकाच्या बॅगेत तापाची गोळी असतेच. आपण पंचविशी-तिशीतली मंडळी. दोन दिवस गोळ्या, तिसऱ्या दिवशी मिसळ आणि चौथ्या दिवशी पुन्हा डेडलाइन. पण हाच खोकला आपण संध्याकाळी घरी घेऊन जातो, तिथे आई-बाबा असतात. आणि त्यांच्यापैकी कुणाचं हृदय आधीच थकलेलं असेल तर?

‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला, असाच आपल्याकडे अर्थ घेतात. डॉक्टरांच्या भाषेत तसं नाही. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय चालू आहे, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलायला कमी पडतंय. गोळ्यांवर अशी माणसं वर्षानुवर्षं नीट जगतात, भाजी आणतात, सीरियल बघतात. मग एक दिवस अचानक श्वास लागतो आणि थेट आयसीयू. हा ‘अचानक’ बऱ्याचदा तितका अचानक नसतो.

माझ्या एका मैत्रिणीच्या आईचं असंच झालं. नातवाचा खोकला आधी घरभर फिरला, मग त्यांच्याकडे मुक्कामाला आला. ताप फारसा नव्हताच. ‘आडवं झालं की जास्त येतो गं,’ म्हणून त्या दोन रात्री खुर्चीत बसून झोपल्या. पाय सुजले, चपलेचा पट्टा लागेना. घरात सगळे म्हणाले, कफ झालाय. चौथ्या दिवशी पहाटे ॲडमिट. एक्स-रेत न्युमोनिया दिसला आणि फुफ्फुसांत साठलेलं पाणीही. रात्री सोबतीला मी जायचे, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना विचारलं, न्युमोनियामुळे हार्ट बिघडलं की हार्टमुळे न्युमोनिया? त्यांच्या मते दोन्ही.

ते गणित असं आहे. ताप चढला की हृदयाचे ठोके वाढतात, म्हणजे दमलेल्या माणसाला जिने चढायला लावल्यासारखं. फुफ्फुसाला सूज आल्याने ऑक्सिजन कमी मिळतो. जंतूंशी लढताना शरीरात जी रसायनं सुटतात, ती हृदयाच्या स्नायूचीही ताकद कमी करतात. त्यात किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते. ते पाणी फुफ्फुसात उतरतं आणि ओल्या फुफ्फुसात जंतूंचं आणखी फावतं. वर अंग दुखतंय म्हणून आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी दिली, की शरीरात आणखी पाणी साठतं. आणि आपल्या घरातलं प्रेम तर विचारूच नका! तोंडाला चव नाही म्हणून मऊ भाताबरोबर भाजलेला पापड आणि लिंबाचं लोणचं. म्हणजे पुन्हा मीठच.

अमेरिकेत २००३-०४ मध्ये २५९ हॉस्पिटलांतल्या ४८ हजारांहून अधिक हार्ट फेल्युअर पेशंटची नोंद ठेवली गेली. प्रकृती बिघडण्याच्या कारणांत न्युमोनिया आणि श्वसनाचे आजार सगळ्यात वर होते, साधारण १५ टक्के. अशा पेशंटचं हॉस्पिटलमध्येच दगावण्याचं प्रमाणही जास्त होतं. आपल्या देशातली ५३ हॉस्पिटलांची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या पेशंटचं सरासरी वय होतं जेमतेम साठ, म्हणजे आपल्या बाबांचं रिटायरमेंटचं वय! आणि ९० दिवसांत दर सातांपैकी एक जण गेला होता.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते २०१७ मध्ये आलेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने. पंधरा हजारांवर पेशंट होते. हार्ट अटॅकमुळे हृदय कोलमडलेल्यांना पहिले काही दिवस सर्वाधिक धोक्याचे होते, पण संसर्गामुळे कोलमडलेल्यांचा धोका तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सर्वांत वर गेला. तिसरा आठवडा, बॉस! तोपर्यंत बऱ्याचदा डिस्चार्ज झालेला असतो, भेटायला येणारे थांबलेले असतात आणि आपली रजा संपून आपण पुन्हा ऑफिसच्या एसीत बसलेलो असतो.

मग लस? २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले होते. भीती ओसरली आणि फ्लूची लस पुन्हा लहान मुलांपुरती राहिली. हार्ट फेल्युअरच्या पाच हजारांवर पेशंटवर, भारतासह दहा देशांत झालेल्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. हृदयविकाराचे झटके, स्ट्रोक, मृत्यू या मुख्य हिशेबात लसीने ठोस फरक दाखवला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण न्युमोनिया ४२ टक्क्यांनी आणि हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ सुमारे १५ टक्क्यांनी कमी आली. माझ्या मते एवढं पुरेसं आहे. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, आपल्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी. न्युमोनियाची लस वेगळी, तीही डॉक्टरांना विचारून घ्यायची.

आणि हो, घरात वजनकाटा हवाच. जिमवाला नाही, साधा. रोज सकाळी, चहाच्या आधी. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगावर चढलेलं मांस नाही, पाणी आहे. उशा एकाच्या तीन झाल्या, झोपलं की खोकला वाढला, की ताप नसला तरी फोन करायचा. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या रांगेत उभं राहण्याआधी डॉक्टरांना गाठा आणि विचारून मोबाइलमध्ये लिहून घ्या : वजन किती वाढलं की कळवू? अंगदुखीवर कुठली गोळी चालेल? लस कधी? आणि पुढची तपासणी तिसऱ्या आठवड्याच्या आत कोणत्या तारखेला?