कललेले देऊळ, तुटलेली कड

वाराणसीच्या शिंदे घाटालगत रत्नेश्वर महादेवाचे देऊळ सुमारे 9 अंश कलून उभे आहे. वर्षातला बराच काळ त्याचा गाभारा गंगेच्या पाण्यात असतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी 1830 च्या सुमारास बांधलेला हा घाटही भाराने खचला होता.

असे देऊळ संगणकावर कॅड (रेखाटनाच्या) सॉफ्टवेअरमध्ये उभारायचे, तर आधी जोत्याचे रेखाटन, त्यावर भिंती, मग शिखर, शेवटी कडांची गोलाई. प्रत्येक टप्पा आधीच्याला धरून असतो. जोत्याला कल दिला किंवा त्याचा कोपरा छाटला, की सॉफ्टवेअर सगळे टप्पे क्रमाने पुन्हा रचते. गोलाई ज्या कडेवर बेतली होती ती कडच नाहीशी झाली, तर तो टप्पा फसतो आणि त्यावर विसंबलेले पुढचे टप्पेही चुका दाखवू लागतात.

अशा वेळी घाईने एकेक चूक मिटवत सुटू नये. टप्प्यांच्या यादीत सर्वांत वर फसलेला टप्पा आधी पकडावा, मॉडेल तिथपर्यंत मागे न्यावे आणि तुटलेला संदर्भ नव्या कडेला जोडावा. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी सरकती पट्टीच असते. खालच्या बऱ्याच चुका मग आपोआप मिटतात.

मोजमापे कडांऐवजी मूळ प्रतलांवरून घेतली, तर मुळात तुटतेच कमी.