फोनचे कुलूप काढण्याआधी

घरात नवा फोन आला की जुना मुलांच्या हाती जातो. काही दिवस त्यावर खेळ चालतात आणि मग एका रविवारी चिरंजीव तो संगणकाला जोडून बसतात. ‘काय चाललंय रे?’ असे विचारले, तर ‘बूटलोडर अनलॉक करतोय, मग रूट करणार,’ असे उत्तर मिळते. तासाभराने पडद्यावर कंपनीचे नाव तेवढे येत-जात राहते आणि घरात वादाला तोंड फुटते. हा उद्योग नेमका काय असतो, तो कुठे अडतो आणि त्यात घराचे काय पणाला लागते, हे पालकांनाही माहीत असलेले बरे.

कुलूप आणि मूळ

फोन सुरू करताच जो छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो, त्याचे काम अँड्रॉईडला सुरू करून देणे. तोच बूटलोडर. पुढची प्रणाली कंपनीचीच आहे ना, हे तिच्यावरची डिजिटल सही पाहून तो ठरवतो आणि मगच तिला आत सोडतो. दारावरचा राखणदारच म्हणा ना! अनलॉक करणे म्हणजे या दाराचे कुलूप, कन्नडमध्ये सांगायचे तर ‘बीग’, काढणे. रूट म्हणजे मूळ, कन्नडमधले ‘बेरू’. युनिक्स प्रणालीत सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला हे नाव आहे आणि तिथूनच ते लिनक्समार्गे अँड्रॉईडमध्ये आले. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कुलूप काढले म्हणून रूट करायलाच हवे असे नाही.

एकेकाळी याची आपल्याला खरोखर गरज होती. पहिला अँड्रॉईड फोन २००८ साली आला. सुरुवातीच्या अनेक फोनवर मराठी किंवा कन्नड मजकूर आला की अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसत. अक्षरांचे फाँट सिस्टीमच्या फोल्डरात घालायचे तर बहुतेक फोनवर रूट करण्यावाचून गत्यंतर नसे. २०११ च्या ४.० आवृत्तीत देवनागरीची सोय झाली, २०१२ च्या ४.१ मध्ये कन्नडचीही. २०१६ च्या ७.० पासून मराठी पहिली आणि कन्नड दुसरी असा क्रम सेटिंगमध्येच लावता येतो. तेव्हा ‘आजीच्या फोनवर मराठी हवी’ म्हणून कोणी रूट सुचवत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

आज उरलेले खरे कारण म्हणजे कंपनीने अपडेट देणे थांबवलेला जुना फोन. त्यावर ‘लिनिएज ओएस’सारखी प्रणाली घालून तो आणखी काही वर्षे वापरता येतो. त्यासाठी कुलूप काढावे लागते, रूट लागत नाही. आणि शिकण्याची हौस हेही कारण आहेच. ती नाउमेद करू नये.

आधी एवढे करा

कुलूप निघताच फोनमधले सारे पुसले जाते. हा बिघाड नव्हे, ती मुद्दाम केलेली सोय आहे. नाहीतर चोराने फोन पळवून, कुलूप काढून आपली प्रणाली घातली असती आणि तुमचा मजकूर वाचला असता. म्हणून लग्नाचे, बारशाचे फोटो, आजोबांच्या आवाजातले रेकॉर्डिंग, फोन नंबर, व्हॉट्सॲपचा बॅकअप हे सगळे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे आणि तिथे ते उघडून पाहावे. नुसते ‘कॉपी झाले’ यावर विसंबू नये. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असावी. त्या मॉडेलची, त्याच आवृत्तीची कंपनीची मूळ फाईल संगणकावर आधीच उतरवलेली असावी. ही फाईल म्हणजे परतीचे तिकीट.

नेहमीची अडणी

ओईएम अनलॉकिंगचे बटणच फिके दिसते. ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यातले हे बटण काही फोनमध्ये इंटरनेट सुरू असल्याशिवाय चालत नाही. काही कंपन्या मुळातच परवानगी देत नाहीत. हुआवेने २०१८ साली अनलॉकचे कोड देणे बंद केले. हप्त्यावर घेतलेल्या फोनवर कर्ज देणाऱ्याचे नियंत्रण असू शकते. तिथे हप्ते फिटेपर्यंत हात लावू नये.

संगणकाला फोन दिसतच नाही. पडद्यावर ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाईस’ एवढेच येते. आधी केबल बदलावी. पुष्कळ केबली फक्त चार्जिंगच्या असतात. मग यूएसबीचे दुसरे, शक्यतो जुन्या पद्धतीचे २.० चे पोर्ट वापरून पाहावे. विंडोजच्या डिव्हाईस मॅनेजरमध्ये पिवळी खूण दिसली तर ड्रायव्हर नीट बसलेला नाही. फोन सुरू असताना लागणारा आणि फास्टबूट अवस्थेत लागणारा ड्रायव्हर वेगळा असू शकतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. सॅमसंगमध्ये फास्टबूट नसते, तिथे ‘डाउनलोड मोड’ असतो. दुसऱ्या कंपनीच्या कृती तिथे लावू नयेत.

‘इतके तास थांबा’ असा संदेश येतो. शाओमीच्या फोनवर खाते जोडून वाट पाहावी लागते. बरीच वर्षे बहुतेकांना १६८ तास, म्हणजे सात दिवस दाखवले जात. घाईने खाते काढून पुन्हा जोडले तर मोजणी पहिल्यापासून सुरू होऊ शकते. इथे उपाय एकच, धीर धरणे. पैसे घेऊन ‘लगेच करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती आपले खाते देऊ नये.

रूट केल्यावर फोन कंपनीच्या नावावरच अडकतो. रूटसाठी बहुतेक जण ‘मॅजिस्क’ वापरतात. त्यात फोनची बूट फाईल बदलून परत चढवायची असते. अँड्रॉईड १३ सह बाजारात आलेल्या फोनमध्ये बहुधा ‘इनिट-बूट’ नावाची वेगळी फाईल घ्यावी लागते. फाईल दुसऱ्या मॉडेलची वा दुसऱ्या आवृत्तीची घेतली की फोन अडकतो. फोन फास्टबूटमध्ये जात असेल तर घाबरू नये. न बदललेली मूळ बूट फाईल चढवली की तो बहुधा पूर्ववत होतो. नवे मॉड्यूल घातल्यावर अडकला असेल तर सेफ मोडमध्ये सुरू करावा. मॅजिस्कची मॉड्यूले त्यामुळे बंद होतात.

काल रूट होते, आज नाही. रात्रीतून कंपनीचे अपडेट बसले असेल. त्याने बूट फाईल नवी केली, म्हणून रूट गेले. नव्या आवृत्तीच्या फाईलवर तेच काम पुन्हा करावे लागते.

पैशाचा प्रश्न

खरी मेख इथे आहे. भाजीवाल्यापासून वीजबिलापर्यंत सारे व्यवहार आता यूपीआयवर चालतात. गूगलची ‘प्ले इंटेग्रिटी’ तपासणी फोनचे कुलूप काढलेले आहे का ते पाहते आणि अनेक बँकांची ॲप अशा फोनवर चालायचे नाकारतात. ही तपासणी चुकवण्याच्या युक्त्या मिळतात, पण त्या आज चालतात आणि उद्या बंद पडतात. शिवाय रूटचा अधिकार मिळालेले ॲप दुसऱ्या ॲपचा मजकूरही वाचू शकते. बँकेचा पिन असलेल्या फोनवर हा धोका कशाला घ्यायचा?

‘नको बाबा, होते तसे करू’ असे वाटले, तर एक गोष्ट विसरू नये. कंपनीची मूळ प्रणाली पूर्ण चढवून, फोन नीट सुरू होतो हे पाहूनच कुलूप परत लावावे. बदललेली प्रणाली आत असताना कुलूप लावले, तर राखणदार तिला आत सोडत नाही आणि फोन कायमचा बंद पडू शकतो. कुलूप लावतानाही मजकूर पुसला जातो. सॅमसंगमध्ये तर ‘नॉक्स’ची खूण एकदा पडली की परत फिरत नाही आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी मूळ प्रणाली घातली तरी मिळत नाहीत.

मुलांना अडवण्यापेक्षा घरातला एक जुना फोन त्यांच्या नावे करून द्यावा. त्यात सिम नको, बँक नको, आईबाबांचे खाते नको. मोडला तरी त्यातून काही शिकणे होईल. फोटो आणि पैसे ज्या फोनवर आहेत, त्याचे कुलूप मात्र जिथल्या तिथे राहू द्यावे.