फोन रूट केला की वॉरंटी खरंच जाते का? कंपनी, कायदा आणि सर्व्हिस सेंटरचं गणित समजून घ्या

फोनमधली नको असलेली ॲप्स काढून टाकायची आहेत. कंपनीने अपडेट देणं बंद केलंय, तरी नवं अँड्रॉइड हवं आहे. किंवा फोनचा पूर्ण बॅकअप घ्यायचा आहे. अशा कारणांसाठी अनेकजण फोन रूट करतात. यूट्यूबवर पंधरा मिनिटांचा व्हिडिओ पाहून काम होतंही. प्रश्न पुढे येतो. सहा महिन्यांनी चार्जिंग पोर्ट बिघडतो, फोन सर्व्हिस सेंटरला जातो आणि काउंटरवरून उत्तर मिळतं, ‘सॉफ्टवेअर बदललंय, वॉरंटीत बसणार नाही.’

हे उत्तर बरोबर आहे का? याचं उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येत नाही.

रूट करणं म्हणजे नेमकं काय?

अँड्रॉइडचा पाया लिनक्स आहे. लिनक्समध्ये ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता. तुम्ही विकत घेतलेल्या फोनमध्ये हा अधिकार तुम्हाला दिलेला नसतो. सिस्टीमच्या फाइल्स बदलता येत नाहीत आणि कंपनीची काही ॲप्स पूर्ण काढता येत नाहीत. रूट केल्यावर हा अधिकार तुमच्या हाती येतो.

त्याआधी बहुतेक फोनमध्ये बूटलोडर अनलॉक करावा लागतो. फोन सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमपैकी हा एक. सुरू होणारं सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे ना, हे तो तपासतो. अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. त्यानंतर मॅजिस्कसारखं टूल वापरून रूट केलं जातं.

म्हणजे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि वॉरंटीचा वाद अनेकदा पहिल्याच पायरीवर सुरू होतो.

कंपनीला कळतं कसं?

‘सर्व्हिसला देण्याआधी मूळ सॉफ्टवेअर टाकू, कुणाला कळणार?’ असं अनेकांना वाटतं. काही फोनमध्ये ते चालून जातं, सगळ्या नाही.

सॅमसंगच्या नॉक्स असलेल्या फोनमध्ये ‘वॉरंटी बिट’ नावाची सोय असते. ही चिपमधली इलेक्ट्रॉनिक फ्यूज असते. फोनवर कंपनीने मान्य न केलेलं सॉफ्टवेअर चढवलं की ती कायमची बदलते. नंतर मूळ सॉफ्टवेअर टाकलं, तरी ती पूर्ववत होत नाही. सिक्युअर फोल्डरसारख्या सुविधाही त्या फोनवर बंद होतात.

मोटोरोलासारख्या कंपनीच्या फोनमध्ये अनलॉकचा कोड कंपनीकडूनच घ्यावा लागतो, त्यामुळे नोंद तिच्याकडेच राहते. शाओमीच्या फोनमध्येही अनलॉकसाठी कंपनीच्या अकाउंटवरून परवानगी लागते. शिवाय बूटलोडर अनलॉक असेल, तर बहुतेक अँड्रॉइड फोन सुरू होताना स्क्रीनवर इशारा दाखवतात.

सगळ्या कंपन्यांचा नियम एकच आहे का?

नाही. मोटोरोलाच्या वेबसाइटवरून कोड घेताना ‘या फोनला यापुढे वॉरंटी लागू नाही’ हे मान्य करावं लागतं. ॲपल आयफोनच्या जेलब्रेकला परवाना कराराचा भंग मानते आणि अशा फोनला सेवा नाकारू शकते. दुसऱ्या टोकाला गूगल आहे. पिक्सेल फोनसाठी मूळ सॉफ्टवेअरच्या फाइल्स आणि ते पुन्हा टाकण्याची पद्धत गूगल स्वतःच उपलब्ध करून देते.

वॉरंटीच्या अटींमध्ये ‘अनधिकृत बदल’ असे शब्द बहुधा असतात. ते वाचताना एक फरक पाहा. ‘बदल केल्यास वॉरंटी रद्द’ असं लिहिलंय, की ‘बदलामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येणार नाही’ असं? दुसऱ्या वाक्यात कंपनी फक्त त्या बदलामुळे झालेल्या बिघाडाची जबाबदारी टाळते. बाकी बिघाड वॉरंटीतच राहतात.

बिघाडाचा रूटशी संबंधच नसेल तर?

खरा वाद इथे आहे. रूट करून प्रोसेसरचा वेग वाढवला आणि फोन तापून बोर्ड गेला, तर कंपनीच्या नकाराला आधार आहे. आवाजाची मर्यादा वाढवून स्पीकर फाटला, तरी तेच. चुकीची फाइल टाकून फोन सुरूच होत नसेल, तर तो उत्पादनातला दोष नाही.

पण पॉवरचं बटण सैल झालं, स्क्रीनवर आपोआप रेघ आली किंवा चार्जिंग पोर्टचा सांधा सुटला, तर रूटचा त्याच्याशी संबंध दाखवणं कठीण आहे.

युरोपीय संघात याचं उत्तर बरंच ग्राहकाच्या बाजूने आहे. तिथे वस्तूवर किमान २ वर्षांची कायदेशीर हमी असते. पहिल्या वर्षात दोष दिसला, तर तो आधीपासूनच होता असं मानलं जातं आणि तसं नसल्याचं विक्रेत्याला दाखवावं लागतं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने वॉरंटीच्या अटींवर मर्यादा घातल्या आहेत. ‘स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द’ अशा अटींबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये ६ कंपन्यांना इशारापत्रं पाठवली होती.

भारतात काय?

भारतात रूटिंगबद्दल वेगळा कायदा नाही. स्वतःचा फोन रूट करणं हा गुन्हाही नाही. वॉरंटी हा करार आहे आणि तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली करता येते. सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी, दोन्ही त्यात येतात.

हाच कायदा दुसरी बाजूही सांगतो. सदोष वस्तूमुळे इजा किंवा हानी झाली आणि त्या वेळी वस्तूत फेरफार केलेला होता, तर कलम ८७ नुसार विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा दावा करता येत नाही. म्हणजे फेरफाराचा मुद्दा ग्राहकाच्या विरोधात जाऊ शकतो.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स त्यात आहेत. तिथे दुरुस्ती आणि वॉरंटीची माहिती एकत्र मिळते, पण रूट केलेल्या फोनला त्यामुळे आपोआप संरक्षण मिळत नाही.

सर्व्हिस सेंटरने नकार दिला तर?

१. नकाराचं कारण जॉबशीटवर लेखी मागा. ‘सॉफ्टवेअर बदललं’ एवढ्यावर न थांबता, त्या बदलामुळे हाच भाग कसा बिघडला, हे विचारा.

२. कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. बिल, जॉबशीट आणि बिघाडाचे फोटो जोडा.

३. उत्तर समाधानकारक नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

४. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे लातूरच्या ग्राहकाला बेंगळुरूला जावं लागत नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

या सगळ्यात रूट केल्याचं लपवू नका. तपासणीत ते उघड झालं, तर खरा मुद्दाही कमजोर होतो.

रूट करण्याआधी काय पाहायचं?

वॉरंटी किती उरली आहे ते पाहा. एक्स्टेंडेड वॉरंटी किंवा फोनचा विमा घेतला असेल, तर त्याच्या अटी वेगळ्या असतात, त्याही वाचा. बँकेची आणि पेमेंटची अनेक ॲप्स रूट केलेल्या फोनवर चालत नाहीत. कंपनीचे अपडेट नेहमीच्या पद्धतीने येणं थांबू शकतं.

आणखी एक धोका सर्व्हिसला देण्याच्या घाईत होतो. बदललेलं सॉफ्टवेअर तसंच ठेवून बूटलोडर पुन्हा लॉक केला, तर फोन कायमचा बंद पडू शकतो. आधी मूळ सॉफ्टवेअर पूर्ण टाका, मगच लॉक करा.

थोडक्यात

रूट केल्याने वॉरंटी जाते की नाही, हे कंपनीच्या अटींवर आणि बिघाडाच्या कारणावर ठरतं. सॉफ्टवेअरचा बिघाड असेल, तर दुरुस्तीचा खर्च बहुधा खिशातूनच जातो. हार्डवेअरचा दोष असेल, तर दाद मागायला जागा आहे, पण पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल. ज्यांच्याकडे एकच फोन आहे आणि यूपीआयपासून ऑफिसपर्यंत सगळं त्याच्यावर चालतं, त्यांनी वॉरंटी संपेपर्यंत थांबलेलं बरं.