रेडिएटरवरचा काचेचा बिल्ला

स्वारगेटला एका जुन्या गॅरेजात आम्हाला डॉज मोटारीच्या रेडिएटरवरचा गोल बिल्ला पाहायला मिळाला. डॉज बंधूंनी १९१४ साली स्वतःच्या नावाची मोटार काढली. एकमेकांत गुंफलेले दोन त्रिकोण ही त्यांची खूण. गाडीच्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती, पण बिल्ल्याचा निळा रंग कालच दिल्यासारखा होता. (अशा गाड्या आपल्याकडे दुर्मीळ नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईतच जुळणी सुरू केली होती.)

बिल्ल्याची मागची पिन तुटली होती. डाख देऊन जोडू म्हणून आम्हीच मागून बत्ती धरली. टिक् असा आवाज झाला आणि निळ्या भागावर केसाएवढी भेग उमटली. मालक काही बोलले नाहीत; आम्हीच ओशाळलो.

असे का झाले? तो रंग नव्हताच. ती काच होती. तांब्याच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर ठसा मारून खळगे करतात, त्यांत रंगीत काचेची पूड भरतात आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवतात. आपले मीनाकाम ते हेच. निळा रंग कोबाल्ट ऑक्साइडचा. तो काचेतच विरघळलेला असल्याने उन्हाने विटत नाही.

खरी मेख निवताना असते. ५०० अंशांवरून २५ अंशांवर येताना १० सेंटिमीटर लांबीचे तांबे सुमारे ०.८ मिलिमीटर आकसते. खिडकीची काच मात्र ०.४ मिलिमीटरच. एवढ्या फरकाने काच सुटून निघेल. म्हणून काचेत सोडा, पोटॅश वाढवून तिचे आकुंचन तांब्याच्या जवळ आणतात, पण किंचित कमीच ठेवतात. मग जास्त आकसलेला धातू काचेला कायम दाबून धरतो. काच दाब उत्तम सोसते, ताण मुळीच नाही. आमच्या बत्तीने धातू एकाच जागी आधी प्रसरण पावला, दाब गेला, ताण आला. उकळत्या रेडिएटरवर बिल्ला टिकतो, कारण तिथे तो सगळाच हळूहळू तापतो.

वर्गात दाखवायला टवका उडालेला एनॅमलचा मग पुरतो. टवक्याच्या कडेला पांढऱ्याखाली बहुधा काळपट थर दिसेल. लोखंडाला काच घट्ट धरावी म्हणून दिलेला तो पहिला हात; त्यातही कोबाल्ट ऑक्साइडच असते.