खर्ड्याच्या लढाईकडे परक्यांनी कसे पाहिले

खर्ड्याच्या लढाईचे नाव निघाले की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक म्हणजे, ही पेशवाईतील शेवटची मोठी जीत. आणि दुसरी, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन हे सारे सरदार पेशव्यांच्या जरीपटक्याखाली एकत्र जमले ते येथे शेवटचेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमच्या जामखेड तालुक्यातील शाळकरी मुलालाही त्या पाठ असतात आणि खर्ड्याचा किल्ला पाहावयास आलेल्या पाहुण्यालाही आपण अभिमानाने त्याच सांगतो. पण ११ मार्च १७९५ रोजी या माळावर जे घडले ते पुण्याबाहेरच्या लोकांना कसे दिसले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्या काळी पुण्याचा दरबार ही हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य सत्ता होती. अशा राज्याकडे शेजारी कोणत्या नजरेने पाहतात, दूरचे कोणत्या नजरेने पाहतात, आणि त्या राज्याला स्वतःला ती नजर कितपत कळते, हे समजून घेण्यास खर्ड्याइतके चांगले उदाहरण आपल्या जिल्ह्यात दुसरे नाही.

प्रथम 'बाहेर' म्हणजे कोठे, हे पाहू. आज खर्डा महाराष्ट्रात आहे, म्हणून त्या वेळीही ते पुण्याचेच असले पाहिजे असा आपला समज असतो. प्रत्यक्षात खर्डा ही निंबाळकरांची जागा, आणि हे निंबाळकर निजामाच्या पदरचे मानकरी. म्हणजे लढाईनंतर निजाम अली ज्या किल्ल्यात शिरून बसला तो त्याच्याच सरदाराचा किल्ला होता. मराठी बोलणाऱ्या निंबाळकरांच्या या गावाच्या दृष्टीने पुण्याची फौज ही पलीकडल्या राज्याची फौज होती. आपला अभिमान या गोष्टीकडे जरा काणाडोळाच करतो. असो.

हैदराबादेस पुण्याविषयी काय वाटत होते? भीती होती, तशी चीडही होती. चौथाई आणि सरदेशमुखीची बाकी वर्षानुवर्षे तुंबलेली. पुण्याचे वकील गोविंदराव काळे आणि गोविंदराव पिंगळे हिशेबाचे कागद पुढे करीत आणि निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क ते टोलवीत असे. शेवटी, हिशेब समजावून देण्यास नाना फडणवीसाने स्वतः हैदराबादेस यावे, असे तो भर दरबारात बोलला. ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या इतिहासात आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. हैदराबादेस पुण्याच्या कारभाऱ्यांची सोंगे काढून त्यांची टिंगल करण्यात आली, आणि पेशव्याला लंगोटी नेसवून, हाती लोटा देऊन काशीस जप करावयास धाडू, अशी बढाई दिवाणाने मारली. जबरदस्त शेजाऱ्यापुढे काही चालत नाही असे झाले म्हणजे त्याची नक्कल करून मन रमवावे, ही जगातील जुनी रीत आहे. मात्र नक्कल करता करता तीच खरी वाटू लागली की घात होतो, आणि मुशीरुल्मुल्काचे तसेच झाले. महादजी शिंदे फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीस वारले होते. आता पुण्यात उरला काय, एक म्हातारा कारभारी आणि एक वीस वर्षांचा पोर, असा त्याचा हिशेब होता.

प्रत्यक्ष लढाईचे वर्णन येथे लांबवीत नाही. ग्रँट डफच्या आकड्यांप्रमाणे पेशव्यांकडे पेंढारी वगळून एक लाख तीस हजारांवर फौज होती, तर निजामाकडे एक लाख दहा हजार. निजाम बेदराहून निघून मोहरीचा घाट उतरला. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. मौजेची गोष्ट अशी की, कवायती पलटणींचे पुढारी दोहों बाजूंना फ्रेंच. शिंद्यांकडे पेराँ आणि निजामाकडे रेमाँ. रेमाँच्या पलटणींनी टिकाव बरा धरला होता. पण निजामानेच घाबरून त्यांस माघारी बोलाविले, रात्री छावणीत गोंधळ उडाला आणि सारा लवाजमा खर्ड्याच्या किल्ल्याच्या आश्रयाला आला. पुढे पाण्याचे हाल, वेढा आणि तह. परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीवरचा मुलूख, दौलताबादचा किल्ला, तीन कोट रुपये, आणि खुद्द मुशीरुल्मुल्क पुणेकरांच्या स्वाधीन. एवढ्या प्रचंड सैन्यांच्या लढाईत पडलेली माणसे मात्र फारच थोडी.

आता तिसऱ्या पक्षाकडे वळू. हा पक्ष रणांगणात नव्हता, पण लढणाऱ्या दोघांच्याही मनात होता. तो म्हणजे इंग्रज.

टिपूविरुद्ध १७९० मध्ये इंग्रज, पेशवे आणि निजाम यांची त्रिवर्ग दोस्ती झाली होती. पुण्यास तो तह जुळविणारा चार्ल्स मॅलेट हा कंपनीचा वकील. त्याच्या नेमणुकीची हकीकतच बोलकी आहे. पुण्यास इंग्रजांचा निराळा वकील असू नये, असे महादजींचे मत. त्यामुळे १७८५ मध्ये मॅलेटला आधी आग्र्याकडे जाऊन महादजींची समजूत घालावी लागली, तेव्हा पुण्याची वाट मोकळी झाली. पुढे संगमावर बंगला बांधून तो १७९७ पर्यंत पुण्यात राहिला. दरबारात कोण कोणाशी बोलत नाही, कोणत्या सरदाराचा पगार थकला आहे, तरुण पेशव्याची प्रकृती कशी आहे, सारे तो कलकत्त्यास कळवीत असे. हा पत्रव्यवहार 'पूना रेसिडेन्सी करस्पाँडन्स' या नावाने यदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३६ पासून छापला गेला. मराठा-निजाम संबंधांचा त्यात स्वतंत्र खंडच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो एकदा तरी चाळावा.

याच मॅलेटच्या दरबारभेटीचे एक भव्य तैलचित्र थॉमस डॅनिअलने १८०५ मध्ये पुरे केले. त्याला आधार जेम्स वेल्सने पुण्यात काढलेल्या रेखाटनांचा. शनिवारवाड्याचा गणेश महाल, मध्ये सवाई माधवराव, भोवती मानकरी, आणि तह सादर करणारा मॅलेट. हे चित्र आज लंडनमध्ये आहे. चित्रातला दरबार ऐश्वर्याने ओसंडतो आहे. मॅलेटच्या पत्रांतला दरबार मात्र रुसवेफुगवे आणि देण्याघेण्याने ग्रासलेला आहे. परक्याने पाहिलेल्या एकाच राज्याची ही दोन रूपे, आणि एकाला खरे ठरवून दुसरे टाकून देता येत नाही.

निजामाची नजर इंग्रजांवर खिळली होती. आपण त्यांचे दोस्त, आपल्याजवळ त्यांच्या दोन पलटणी पगारी आहेत, तेव्हा पुणेकर चालून आले तर इंग्रज आडवे येतील, असा त्याचा भरवसा. पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याचे म्हणणे वेगळे पडले. त्रिवर्ग तह टिपूविरुद्ध आहे, दोस्तांच्या आपसांतील भांडणात पडण्याचे बंधन त्यात नाही. शिवाय पार्लमेंटने १७८४ आणि पुन्हा १७९३ च्या कायद्याने कंपनीला मुलूखगिरीस मनाई केलेली. कॉर्नवॉलिसच्या वेळी परस्पर हमीच्या तहाची बोलणी निघाली होती, तीही पुण्याने शिताफीने टाळली होती. शोअरने हात आखडता घेतला. कंपनीच्या पलटणींनी मराठ्यांविरुद्ध लढाईत भाग घेतला नाही.

या एका तटस्थतेचे तीन ठिकाणी तीन अर्थ झाले. हैदराबादेने म्हटले, इंग्रज दगाबाज. निजामाने त्या पलटणींना रजा दिली आणि रेमाँचे फ्रेंच दळ वाढविले. (जून १७९५ मध्ये निजामाचा मुलगा अलीजाह बंड करून उठला तेव्हा त्या पलटणी परत बोलवाव्या लागल्या, ही गोष्ट निराळी.) पुण्यात बहुधा असे वाटले असावे की इंग्रज आपल्याला भिऊन आहेत. आणि खुद्द इंग्रजांमध्ये जॉन माल्कमसारख्या मंडळींनी पुढे शोअरवर कडक टीका केली: दोस्ताला वाऱ्यावर सोडल्याने आपली पत गेली, असा त्यांचा सूर. माझ्या मते पुणेकरांचा समज सर्वांत महागात पडला. लंडनहून कंपनीला घातलेला लगाम हा लंडनच्याच मर्जीचा होता. उद्या दुसरा गव्हर्नर आला तर तो सैल होईल, हे पुण्यात ओळखण्याचे साधन नव्हते.

साधन नव्हते म्हणजे अगदीच काळोख होता, असे नाही. टोपीकर नुसते व्यापारी नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत आणि त्यांची हाव मुलखाची आहे, हा इशारा रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त अठराव्या शतकाच्या आरंभीच देऊन ठेवलेला आहे. नाना फडणवीसांचे बातमीदार दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण अशा ठिकठिकाणी होते. कलकत्त्यासही लाला सेवकराम हा वकील पूर्वी होता. पण त्यापलीकडे नजर पोचत नव्हती. विलायतेस मराठ्यांची माणसे गेली ती १७८१ च्या सुमारास, आणि तीही राघोबादादांची फिर्याद घेऊन: हणमंतराव नावाचे एक ब्राह्मण आणि मणियार हे पारशी गृहस्थ. एडमंड बर्कने त्यांना आपल्या घरी आसरा दिला. हणमंतरावांना परतल्यावर समुद्रगमनाचे प्रायश्चित्त घ्यावे लागले. पार्लमेंट म्हणजे काय, कंपनी आणि राजा यांचे नाते कसे, हे त्यांच्याकडून पुणे दरबाराने समजून घेतले असते तर! पण ते शत्रुपक्षाचे. त्यांना विचारणार कोण? इकडे मॅलेट बारा वर्षे संगमावर बसून पुणे वाचीत होता.

विजयाच्या धामधुमीत एका माणसाला मात्र काही खटकले. ग्रँट डफ सांगतो की, उदास का, असे नानांनी विचारले तेव्हा तरुण पेशव्याने उत्तर दिले ते असे: मोगल इतक्या सहज शरण आले आणि आपले शिपाई प्रयत्नाविना मिळालेल्या यशाचा एवढा डौल मिरवितात, हे पाहून वाईट वाटते. ही आख्यायिका शब्दशः खरी धरावी की नाही हा वेगळा प्रश्न. पण आपल्याच राज्याकडे क्षणभर बाहेरच्या माणसासारखे पाहणारा हा एकच आवाज खर्ड्याच्या कथेत ऐकू येतो.

त्यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्यात कारंजावर पडून वारले. गादीच्या भांडणात नानांना निजामाचा पाठिंबा हवा झाला, आणि १७९६ मध्ये महाडास त्याची किंमत ठरली: खर्ड्यास मिळविलेले परत द्यावयाचे. बोलणी करण्यास पुण्यात कैदेत असलेला मुशीरुल्मुल्क आयताच होता. ज्याची सोंगे काढली त्या दरबाराची आतील दुफळी या कैद्याने आता जवळून पाहिली, आणि सुटून हैदराबादेस गेल्यावर तो पूर्वीपेक्षा अधिक इंग्रजांकडे झुकला. शोअर जाऊन वेलस्ली आला होता. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने तैनाती फौजेचा तह केला. ऑक्टोबरात फ्रेंच पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. रेमाँ तत्पूर्वीच, मार्चमध्ये, वारला होता.

पुण्याची पाळी चार वर्षांनी आली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस त्याच जातीच्या तहावर सही केली. कंपनीतर्फे तो तह करणारा कर्नल बॅरी क्लोज हा पुणे दरबाराचा रेसिडेंट, मॅलेटच्याच जागेवर आलेला.